पहिली साउंड सिस्टीम घ्यायची आहे: तीस हजारांत काय बसवावं?

अर्धा_कप
नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले, पण त्यातली मॉडेलं आता दुकानात दिसत नाहीत, म्हणून नवा काढतोय.

टीव्ही ५५ इंची आहे. चित्राबद्दल तक्रार नाही, आवाज मात्र अगदीच पातळ. संवाद कळावेत म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावायचं, हा रोजचा कार्यक्रम झालाय.

हॉल १० बाय १५. टीव्ही लांब भिंतीवर, समोर आठ-नऊ फुटांवर सोफा, तोही मागच्या भिंतीला टेकलेला. डाव्या हाताला गॅलरीचा काचेचा स्लायडर. उजवीकडे भिंतच नाही, तिथून स्वयंपाकघराकडे जायचा पॅसेज. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. बघणं म्हणजे ओटीटीवरचे सिनेमे, क्रिकेट आणि आईच्या मालिका. रविवारी सकाळी नाट्यगीतं लागतात.

बजेट तीस हजार, फार तर पस्तीस. साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर), रेडिमेड ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा डबा) की रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकर चालवणारा ॲम्प) आणि वेगळे स्पीकर? दुकानदार म्हणतो, ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आल्यासारखं वाटवणारं डॉल्बीचं तंत्र) नसेल तर घेऊच नका.

खवट खोबरं
दुकानदाराला या महिन्यात ॲटमॉसचं टार्गेट दिसतंय.

तळेगावकर
आमच्याकडे सोनीचा एचटी-एस२०आर आहे. समोर बार, एक सबवूफर आणि मागे दोन छोटे स्पीकर. कंपनी ४०० वॅट म्हणते. टीव्हीला एचडीएमआय आर्कची (टीव्हीचा आवाज बाहेर काढणाऱ्या पोर्टची) एकच वायर जाते, त्यामुळे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. घरच्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. तुमच्या बजेटच्या निम्म्या-पाऊण पैशांत बसेल.

एकच कटकट, मागच्या स्पीकरांच्या वायरी सबवूफरमध्ये येतात. आम्ही स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी मारून घेतली. इलेक्ट्रिशियनने तासाभरात काम संपवलं.

झणझणीत
बार म्हणजे टीव्हीचेच स्पीकर लांबट डब्यात घालून विकलेले. नाट्यगीतं ऐकणाऱ्या माणसाला बार सुचवता? दोन चांगले बुकशेल्फ (शेल्फवर मावणारे) स्पीकर आणि एक साधा स्टिरिओ, म्हणजे दोन चॅनलचा, ॲम्प घ्या, विषय संपला. तीस हजारांत सहा स्पीकर घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच हजार. दोन घेतले तर प्रत्येकाला पंधरा. गणित सोपं आहे की.

ओहम् शांती
गणित सोपं आहे, पण अर्धा_कप यांचा प्रश्न संवादांचा आहे. आधी तिथे येऊ.

ओटीटीवर बहुतेक सिनेमांचा ट्रॅक ५.१ असतो. त्यात संवाद जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, त्यामुळे पाचही चॅनल एकत्र कालवून त्या दोघांत ओतावे लागतात. बोलणं पार्श्वसंगीताखाली दबतं ते इथे. शिवाय सिनेमाचा आवाज थिएटरसाठी मिक्स केलेला असतो. कुजबूज आणि स्फोट यांच्यातलं अंतर तिथे मुद्दाम मोठं ठेवतात. दहा फुटी हॉलमध्ये, पंखा चालू असताना, ती कुजबूज पंख्याच्या घरघरीतच जाते.

म्हणून खिशात हात घालण्याआधी फुकटचं करून बघा. ॲपमध्ये ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओचा पर्याय असेल तर तो निवडा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये स्पष्ट आवाज, नाइट मोड असल्या नावाचं काहीतरी सापडेल, ते चालू करा. निम्मी तक्रार तिथेच मिटते.

उरलेल्या निम्म्यासाठी खराखुरा सेंटर स्पीकर हवा. तो बारच्या पोटात असो वा वेगळा.

झणझणीत
दोन स्पीकर नीट लावले तर आवाज बरोबर मधून येतो. गायक दोघांच्या मधोमध उभा आहे असं वाटतं. सेंटर कशाला लागतोय?

ओहम् शांती
येतो ना, मधोमध बसणाऱ्याला! सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरातून येतात आणि बोलणारा मात्र पडद्याच्या दुसऱ्या बाजूला असतो. एकट्याने ऐकायचं असेल तर तुमचं शंभर टक्के मान्य. चौघं बसणार असतील तर सेंटर हवाच.

खवट खोबरं
म्हणजे आमच्या घरी स्टिरिओ चालेल. मधली जागा माझी, बाकीचे मोबाइलवर.

सांजवात
झणझणीत यांच्या बाजूने एक मत. आम्ही एडिफायरचे आर१२८०डीबी लावलेत. ॲम्प स्पीकरच्या आतच असतो, त्यामुळे वेगळा डबा नको. ऑप्टिकल वायरने टीव्हीला जोडले. दहा-पंधरा हजारांच्या घरातली वस्तू आहे. गाण्यांना तर फारच गोड, आणि संवादही टीव्हीपेक्षा कितीतरी स्पष्ट.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साध्या दोन चॅनलच्या सिग्नलवर) ठेवावं लागतं. ऑटोवर राहिलं तर टीव्ही डॉल्बीचा सिग्नल पाठवतो, तो या स्पीकरांना उलगडत नाही, आणि मालिका नीट चालते पण सिनेमा लावला की मुका. लोक वस्तू खराब आहे म्हणून परत पाठवतात.

दुसरं म्हणजे रिमोट. ऑप्टिकलमधून फक्त आवाज जातो, रिमोटचा हुकूम जात नाही. चालू-बंद, कमी-जास्त सगळं स्पीकरच्या वेगळ्या रिमोटने. सासूबाई तो रिमोट हातात घेत नाहीत. त्या टीव्हीच्याच स्पीकरवर बघतात.

अर्धा_कप
@सांजवात, ही रिमोटची माहिती फार कामाची. आईकडे आत्ताच सेट-टॉप बॉक्सचा आणि टीव्हीचा असे दोन रिमोट आहेत. तिसरा दिला तर मालिका बघायला मलाच बोलावेल.

@ओहम् शांती, स्टिरिओ ट्रॅक लावून पाहिला. फरक आहे! स्फोटांचा त्रास बराच कमी झाला. आवाज पातळच आहे, पण धावाधाव थांबली.

निवृत्त_नाना
तुम्हा मंडळींचं वाचून मजा वाटली. आमच्या काळी सबवूफर म्हणजे माठ. सुटा स्पीकर आणायचा, माठाच्या तोंडावर उपडा ठेवायचा आणि माठ खोलीच्या कोपऱ्यात. काय घुमायचा! उन्हाळ्यात आई माठ मागायला लागली की बेस बंद.

नंतर ४४४० आयसीचा (ॲम्पच्या चिपचा) बोर्ड आणून ॲम्प केला. बारा-शून्य-बाराचा ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमची हीटसिंक, आणि डबा सुताराकडून सनमायका लावून. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दुकानादुकानांतून एकेक भाग जमवण्यात जी मजा होती ती बटण दाबून घरपोच मागवण्यात नाही. त्या डब्याला गुरगुर होती, ती शेवटपर्यंत गेली नाही.

वऱ्हाडी_ठेचा
नाना, जिंदाबाद! आमच्या इकडे अजूनही असेंबल करून देतात. आठ-दहा हजारांत ५.१, मोठे लाकडी डबे, आवाज असा की पत्रे हलतात. ब्रँडच्या नावाचे पैसे कशाला द्यायचे? अर्धा_कप भाऊ, एकदा ऐकून तर पहा.

ओहम् शांती
आवाज मोठा असेल यात शंका नाही. पण त्याला ५.१ म्हणायचं का, ते मागच्या बाजूला पाहून ठरवा.

असेंबल सेटच्या मागे बहुधा लाल-पांढऱ्या आरसीए पिना, पुढे ब्लूटूथ आणि यूएसबी. टीव्हीकडून त्यात दोनच चॅनल जातात. आतला बोर्ड तेच दोन चॅनल सहा ठिकाणी वाटतो. पाऊस पडला तर पुढे-मागे सारखाच पडेल. खरे वेगळे चॅनल हवे असतील तर एचडीएमआय आर्क किंवा ऑप्टिकल इनपुट हवं आणि आत डॉल्बी डिजिटलचा डिकोडर हवा. ब्रँडेड मल्टिमीडिया ५.१ सेटमध्येही हीच गंमत आहे, कितीतरी सेट फक्त ऑक्स (हेडफोनसारखी साधी पिन) आणि ब्लूटूथवर चालतात. खोक्यावरचा आकडा स्पीकर मोजून लिहिलेला असतो.

वॅटचंही तसंच. पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) दिसलं की पुढे वाचू नका, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) बघा. आणि वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये ५० की १०० यावर रात्र जागवू नका.

वऱ्हाडी_ठेचा
पाऊस पुढूनच पडो की मागून, पत्रे हालले पाहिजेत. 😄 पण ऑप्टिकलचा मुद्दा बरोबर आहे, मानलं. आमचा मिस्त्री वेगळा डिकोडर डबा लावून देतो, त्याचे पैसे वर.

परदेशी पाहुणा
न्यू जर्सीहून लिहितोय. इथे जुने रिसीव्हर लोक अक्षरशः मातीमोल भावाने काढतात. डिसेंबरात कोणी येणारं असेल तर एखादा मागवून घ्या.

ओहम् शांती
थांबा थांबा. तिकडचा रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो, बहुतेकांना स्विच नसतो. इथल्या २३० व्होल्टला लावलात तर एकदाच वाजेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो जड, गरम होणारा आणि स्वस्तातला असेल तर गुरगुरणारा. स्पीकर आणायला हरकत नाही, साध्या पॅसिव्ह (आत ॲम्प नसलेल्या) स्पीकरला व्होल्टेजशी देणंघेणं नसतं.

खवट खोबरं
२३ किलोच्या बॅगेत स्पीकर आणायचे तर मग चॉकलेटं कुठे ठेवायची? नातेवाईक काय म्हणतील?

परदेशी पाहुणा
व्होल्टेजचं डोक्यातच आलं नाही. तसाही विमानतळावर कस्टमवाल्याला सबवूफर समजावून सांगायची माझी तयारी नाही.

सोसायटी_सचिव
विषय निघालाच आहे तर आमचीही बाजू ऐका. सबवूफर आल्यापासून आमच्या बिल्डिंगमध्ये तक्रारवहीचं एक पान पुरत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. तुमच्या घरात कानाला बरा वाटणारा आवाज खालच्याच्या छताला थडथड होऊन लागतो.

झणझणीत
गणपतीत डीजे लागतो तेव्हा ही वही कुठे असते?

सोसायटी_सचिव
गणपतीत वही घेऊन मीच खाली उभा असतो. ऐकू कोणाला येतंय?

सांजवात
भांडण नको. 🙏 बेस स्लॅबमधूनच उतरतो, दार बंद करून अडत नाही. सबवूफर थेट टाइलवर न ठेवता खाली जाड रबर किंवा फोमचं पॅड द्यायचं. रात्री नाइट मोड लावायचा आणि सबची पातळी दोन-तीन पायऱ्या उतरवायची. शेजारी निवांत झोपतात.

अर्धा_कप
गाडी रुळावर आणतो. समजा रेडिमेड ५.१ घेतलं. माझ्या डावीकडे काच, उजवीकडे उघडा पॅसेज, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर लावायचे कुठे? आणि ॲटमॉसचं काय?

ओहम् शांती
पुस्तकातली जागा म्हणजे बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या जरा मागे, समोरच्या पडद्यापासून ११० ते १२० अंशांवर. तुमच्याकडे बाजूच नाहीत. तेव्हा मागच्याच भिंतीवर, सोफ्याच्या दोन्ही टोकांच्या जरा बाहेर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा फूट-दीड फूट वर लावा आणि तोंडं किंचित आत वळवा. कानाला चिकटून नकोत, नाहीतर टोकाला बसणाऱ्याला एकच स्पीकर ऐकू येईल. सोफा सहा-आठ इंच पुढे ओढता आला तर जरूर ओढा. भिंतीला टेकून बसलं की बेस फुगलेला ऐकू येतो.

उजवीकडून आवाज पॅसेजमध्ये पळणार आणि डावीकडे काचेवर आपटून परतणार. दोन्ही बाजू सारख्या वाजणार नाहीत. सेटिंगमध्ये चॅनलवार पातळी बदलता येते का ते घेण्याआधी विचारा. काचेवर जाड पडदा आणि टीव्ही-सोफ्याच्या मध्ये एक जाड गालिचा. या दोन गोष्टींनी संवाद जितके मोकळे होतील तितके पाच हजार जास्त मोजून होणार नाहीत.

सबवूफरची जागा शोधायला एक वेडगळ पण हमखास उपाय आहे. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. ठेका असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत फिरा. जिथे बेस घट्ट आणि सारखा ऐकू येईल तिथे सब ठेवा. कोपऱ्यात सगळ्यात मोठा वाजतो, पण बहुधा घुमतोही.

खवट खोबरं
कृपया रांगतानाचा व्हिडिओ धाग्यावर टाकावा.

तळेगावकर
ॲटमॉसबद्दल मी सांगतो, मित्राकडे ऐकलंय. त्या बारमधले वरच्या दिशेचे स्पीकर छतावर आवाज आपटून खाली आणतात. छत सपाट, कडक आणि फार उंच नसलेलं लागतं. मित्राच्या हॉलला पायऱ्यापायऱ्यांचं फॉल्स सीलिंग आहे, मधे झुंबर. हेलिकॉप्टर वरून जायच्या ऐवजी झुंबरात अडकतं. स्वस्तातल्या काही बारमध्ये तर वर तोंड केलेले स्पीकरच नसतात, फक्त प्रोसेसिंग असतं, नाव मात्र ॲटमॉस.

ओहम् शांती
अगदी बरोबर. भर एवढीच की दुकानदार ॲटमॉससाठी ई-आर्कवाला (आर्कची पुढची आवृत्ती असलेला) टीव्ही लागेल असं सांगून घाबरवतात. ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं, ते साध्या आर्कमधूनही जाऊ शकतं. ई-आर्कची गरज ब्लू-रेवरच्या ट्रूएचडी या जास्त मोठ्या सिग्नलला. पस्तीस हजारांत मी ॲटमॉसच्या मागे लागणार नाही. मागचे दोन खरे स्पीकर छतावरून आपटलेल्या आवाजापेक्षा बरे.

झणझणीत
मग तिसऱ्या वाटेचं कोणी बोलेना. जुना रिसीव्हर! चांगला पाच चॅनलचा, यामाहा किंवा डेनॉनचा, बारा-पंधरा हजारांत मिळून जातो. त्याला आत्ता दोन बुकशेल्फ लावा, दिवाळीला सेंटर, पुढल्या वर्षी सब. रेडिमेड सेटमधलं एक बिघडलं की सगळंच अडगळीत जातं. त्या सबवूफरला दुसऱ्या कंपनीचा स्पीकर लागत नाही.

ओहम् शांती
हे मात्र मनापासून पटलं. मी स्वतः याच वाटेने गेलो असतो. जुना घेताना इतकं बघा: एचडीएमआयची सगळी पोर्ट चालवून बघा, जुन्या रिसीव्हरमध्ये तो बोर्डच आधी दगा देतो. पाचही चॅनलना एकेक करून स्पीकर लावून ऐका. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का बघा. सोबत कॅलिब्रेशनचा (खोलीप्रमाणे आवाज आपोआप जुळवायचा) माइक आहे का विचारा, यामाहात त्या सोयीचं नाव वायपीएओ, डेनॉनमध्ये ऑडिसी. तुमच्यासारख्या एकीकडे काच, एकीकडे पॅसेज असलेल्या हॉलला तो माइकच खरा उपयोगी.

फोर-के नाही म्हणून जुना रिसीव्हर सोडू नका. ॲप टीव्हीतच चालणार असतील तर चित्राला रिसीव्हरमधून जायचंच नाही, फक्त आवाज आर्कने खाली येतो. आर्क एचडीएमआय १.४ बरोबर २००९ मध्ये आलं, तेव्हा त्यानंतरचा आणि मागे आर्क लिहिलेला असला की झालं.

सांजवात
एक शंका. रिसीव्हर, बुकशेल्फ, सेंटर, सब, स्टँड, वायरी. तीस हजारांनी सुरुवात होते, थांबते कुठे?

झणझणीत
थांबते असं कोण म्हणालं?

निवृत्त_नाना
ताई, हे व्यसन आहे. माझा माठ अजून गच्चीवर आहे.

अर्धा_कप
काल दोन्ही ऐकून आलो. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका ओळखीच्यांकडे जुना रिसीव्हर आणि बुकशेल्फ लावलेले होते, आणि मॉलमध्ये तळेगावकरांकडचा तो वायरवाला ५.१ सेट. घरचाच सिनेमा आणि तोच प्रसंग दोन्हीकडे लावायला सांगितला.

झणझणीत, गाण्यांत तुमची जोडी सरळ पुढे. तबल्याची थाप आणि पेटीचा भाता वेगळा ऐकू येत होता. तिथून पाय निघत नव्हता. सिनेमाला मात्र सेट बरा वाटला, सोफ्याच्या टोकाला बसूनही बोलणं पडद्यातूनच येत होतं. आई सोबत होती. तिने रिसीव्हरचा रिमोट हातात घेऊन त्यावरची बटणं मोजायला घेतली आणि अर्ध्यात ठेवून दिला. तेव्हा ५.१ सेटच घेतोय. उरलेल्या पैशांतून काचेला जाड पडदा, गालिचा आणि केसिंग पट्टी.

मागच्या स्पीकरांसोबत येणारी वायर पट्टीतून फिरवून कमी पडली तर?

झणझणीत
ठीक. नाट्यगीतांना तेवढा सबवूफर बंद करा, पेटीला ढोल बनवू नका.

तळेगावकर
आधी पट्टीच्या मार्गाने सुतळी लावून लांबी मोजा, कोपरे धरून. पॅसेजच्या तोंडाशी पट्टी जमिनीवरून नेऊ नका, दाराच्या चौकटीवरून फिरवा, नाहीतर झाडू अडकतो.

ओहम् शांती
कमी पडली तर जोड देता येतो. १६ गेजची शुद्ध तांब्याची वायर मीटरवर मिळते. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर नको, टोक खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या. जोडताना खुणेची तार दोन्हीकडे अधिक (+) टोकालाच येऊ द्या, उलटसुलट झाली तर मागचा आवाज पोकळ येतो.

एचडीएमआय टीव्हीच्या आर्क लिहिलेल्या पोर्टलाच लावा, बाकीच्या पोर्टमधून आवाज येणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (टीव्हीच्या रिमोटने सेट चालवायची सोय) चालू करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. तरच आईंना एका रिमोटवर भागेल. ओठ आणि आवाज पुढे-मागे वाटले तर ऑडिओ डिले सापडेल, एकेक पायरी सरकवून बघा.

अर्धा_कप
नोंद केली. शनिवारी डिलिव्हरी आहे.

सोसायटी_सचिव
कितव्या मजल्यावर राहता?